जुनी मोटार आणि मूळ पाठ

साहित्याच्या अभ्यासकांनी मोटारींविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. यंत्रांतले आम्हांला कळते ते बेताचेच. तरीही अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराविषयी गेली काही वर्षे आम्ही जे वाचत आलो, त्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा लक्षात आली. तेथील जाणकार ज्या प्रश्नांवरून हमरीतुमरीवर येतात, ते प्रश्न मूलतः पाठचिकित्सेचे आहेत. 'मूळ' कशाला म्हणायचे? निर्मितीच्या दिवशी वस्तू जशी होती ती मूळ, की ज्या रूपात ती लोकांच्या हाती राहिली ती मूळ? दुरुस्ती कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते? आपण हे प्रश्न पोथ्यांच्या आणि छापील प्रतींच्या संदर्भात विचारतो. ती मंडळी पत्रा, रंग आणि नटबोल्ट यांच्या संदर्भात विचारतात. आमचे म्हणणे असे की, या प्रश्नांना सामोरे जाताना त्यांच्यातील काहींनी जी सचोटी दाखवली आहे, ती मराठी ग्रंथव्यवहाराने अद्याप पुरती दाखवलेली नाही.

प्रथम जीर्णोद्धार म्हणजे प्रत्यक्षात काय करतात ते पाहू. १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर ही गाडी घ्या. मागे शेपटासारखे उंचावलेले पंख, क्रोमच्या पट्ट्या, दोन रंगांची अंगलट. अमेरिकन गाडी म्हटली की अनेकांच्या डोळ्यांपुढे हीच उभी राहते. तिचा पूर्ण जीर्णोद्धार करायचा तर वरचा सांगाडा खालच्या चासीवरून उचलून वेगळा करतात. एकेक बोल्ट सुटा होतो. रंग खरवडून पत्रा उघडा करतात, गंजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडतात, बंपरला पुन्हा क्रोम चढवतात, इंजिन खोलून नव्याने बांधतात, बैठकांना जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने विणलेले कापड लावतात. शेवटी रंग. मूळचे लॅकर आता सहसा वापरत नाहीत. आधुनिक रंग आणि त्यावर पारदर्शक थर देतात. काम संपते तेव्हा जी गाडी उभी राहते, ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती त्याहून कितीतरी सुबक असते.

खरी अडचण येथेच आहे. त्या काळच्या कारखान्यात घाईने काम चाले. दारांच्या फटी सारख्या नसत, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येई, फवाऱ्याचे शिंतोडे नको तेथे उडत. जीर्णोद्धारित गाडीत हे सारे नाहीसे होते. म्हणजे १९५७ साली जी गाडी कधीच नव्हती, ती १९५७ ची म्हणून आपल्यापुढे येते. एखाद्या संपादकाने जुन्या कवीची वृत्तातली चूक 'सुधारून' ती कवीच्याच नावावर छापावी, तसा हा प्रकार.

जाणकारांना ही गोष्ट खुपू लागली तेव्हा त्यांनी काढलेला एक उपाय विलक्षण आहे. जोडणीच्या रांगेवर तपासनीस खडूने किंवा मेणखडूने भागांवर खुणा करीत. त्या खुणांची छायाचित्रे जमवून, जीर्णोद्धारित गाडीवर त्या पुन्हा जशाच्या तशा काढण्याचा प्रघात पडला. फवाऱ्याचे शिंतोडेही मुद्दाम उडवण्यात येऊ लागले. एका कामगाराचा घाईतला हात आता दुसरा माणूस सावकाश, काळजीपूर्वक गिरवतो. यामागील अभ्यासाला आम्ही दाद देतो. परंतु खूण खरी असते ती कोणीतरी खरोखर तपासणी केली म्हणून. तपासणीवाचून काढलेली खूण कितीही हुबेहूब असली तरी ती नक्कलच.

'नंबर जुळणे' हाही असाच एक प्रकार. इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख आणि आकडे असतात. अनेक गाड्यांत त्यावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो. तो जुळला की किंमत वाढते. किंमत वाढते म्हणून मग कोणी दुसऱ्याच ठोकळ्यावरील आकडे घासून तेथे हवे ते आकडे ठोकतो. पोथ्यांच्या अभ्यासकांना हे नवे वाटणार नाही. पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेत लेखनकाळ सांगितलेला असतो. त्या चार ओळींचे महत्त्व वाढले की त्या बनावटही होऊ लागतात. हा तर्क शेवटपर्यंत नेला की काय होते तेही दिसून आले आहे. २०११ साली फोर्ड कंपनीने जाहीर केले की १९६५ च्या मस्टँग कन्व्हर्टिबलचा संपूर्ण सांगाडा आता नव्या पत्र्यातून, कंपनीच्या परवान्यानिशी, तयार मिळेल. इंजिन आणि इतर सामान जुन्या गाडीतून आणून त्यावर चढवायचे. मग जुनी गाडी कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या सगळ्याची प्रतिक्रिया म्हणून अमेरिकेत दुसरा विचार बळावला आहे. तेथील जुन्या मोटारींचा सर्वांत मोठा क्लब १९३५ मध्ये स्थापन झाला. त्याच्या स्पर्धांतून आता जीर्णोद्धार न झालेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या श्रीमंती प्रदर्शनातही तसा वर्ग आहे. गाडी मूळ अशी एकदाच असते, हे वाक्य या मंडळींत म्हणीसारखे रूढ झाले आहे. त्यातील सत्य उघड आहे. विटलेला रंग पुन्हा चकचकीत करता येतो. खरवडून टाकलेला विटका रंग परत आणता येत नाही.

तीन उदाहरणे घेऊन हा प्रश्न पाहिला तर त्याची गुंतागुंत ध्यानात येईल.

पहिले उदाहरण 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटातील हिरव्या मस्टँगचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरील तिचा पाठलाग प्रसिद्ध आहे. चित्रीकरणासाठी एकापाठोपाठ एक क्रमांकाच्या दोन मस्टँग घेतल्या होत्या. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन ज्या गाडीत बसला, ती पुढे हस्तांतरित होत १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरला घेतली. घरातील गृहिणी शिक्षिका होत्या. त्या हीच गाडी घेऊन शाळेत जात. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षे बंद राहिली. २०१८ च्या जानेवारीत ती डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली तेव्हा ती चालती झालेली होती, पण रंगवलेली नव्हती. डाग, गंज, कॅमेरे बसवण्यासाठी खाली जोडलेल्या आधारांच्या खुणा, सारे जागच्या जागी होते. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली. दुसरी गाडी २०१७ मध्ये मेक्सिकोत सापडली. तिच्या नव्या मालकाने ती घेतली होती एका निराळ्याच चित्रपटातील मस्टँगची नक्कल करण्यासाठी, आणि ते काम सुरूही झाले होते. क्रमांक तपासला गेला म्हणून ती वाचली. एका ग्रंथाच्या दुर्मिळ प्रतीची पाने दुसऱ्या ग्रंथाच्या बांधणीला वापरली जावीत, तशातलीच ही गोष्ट. जीर्णोद्धारापूर्वी वाचन झाले पाहिजे, हा यातला धडा.

दुसरे उदाहरण १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलचे. अध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे हत्या झाली ती याच गाडीत. जगाच्या स्मृतीतील ही गाडी उघडी आणि गडद निळी आहे. पण मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आपण जातो, तेव्हा समोर काळी, पक्क्या छपराची, चिलखती गाडी उभी असते. हत्येनंतर ती मोडीत न काढता नव्याने बांधण्यात आली, तिला जाड काचा आणि कायमचे छप्पर बसवण्यात आले, आणि १९६४ पासून ती पुन्हा अध्यक्षांच्या सेवेत रुजू झाली. १९७७ पर्यंत ती वापरात होती. संग्रहालयाने छप्पर काढून तिला १९६३ च्या रूपात नेले असते, तर प्रेक्षकांची उत्सुकता अधिक भागली असती. तसे केले नाही हे आम्हांला योग्य वाटते. ज्या राष्ट्राने त्याच गाडीला चिलखत चढवून आपला पुढचा अध्यक्ष तिच्यात बसवला, त्या राष्ट्राचे भय आणि काटकसर त्या छपरात दिसते. छप्पर हा प्रक्षेप आहे खरा. परंतु तो इतिहासाने घातलेला प्रक्षेप आहे.

तिसरे उदाहरण मोटारीचे नसून बसचे आहे. पण ती त्याच संग्रहालयात आहे आणि तिचा निर्णय नेमका उलट आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी ज्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिला, ती जनरल मोटर्सने १९४८ मध्ये बनवलेली बस पुढे निवृत्त झाली आणि सुमारे तीस वर्षे एका शेतात सामान ठेवण्यासाठी वापरली गेली. २००१ मध्ये संग्रहालयाने ती लिलावात ४ लाख ९२ हजार डॉलरला घेतली. ती हीच बस कशावरून? पुरावा होता एका कात्रणवहीचा. बसस्थानकाच्या व्यवस्थापकाने त्या काळच्या बातम्या चिकटवून ठेवल्या होत्या, आणि एका कात्रणाशेजारी चालकाचे नाव आणि २८५७ हा बसचा क्रमांक हाताने लिहिला होता. समासातली एक टीप! ती वही हस्ताक्षरतज्ज्ञाकडून तपासून घेतल्यावरच व्यवहार झाला. त्यानंतर बसचा जीर्णोद्धार करून ती १९५५ च्या रूपात नेण्यात आली, आणि २००३ पासून लोक तिच्यात जाऊन बसू शकतात. येथे शेतातले गंजलेले रूप जपणे आम्हांलाही योग्य वाटले नसते. ज्या आसनाला अर्थ आहे ते आसनच नसेल, तर त्या वस्तूचे वाचन होणार कसे?

मग नियम कोणता? एकदा जपावे, एकदा शेवटचा थर ठेवावा, एकदा मागे जावे, हे तिन्ही बरोबर कसे? आमच्या मते या तिन्हींत समान आहे ती एक गोष्ट : कोणता काळ निवडला आणि का निवडला, हे उघड सांगितलेले आहे. २०१३ मध्ये जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 'ट्यूरिनची सनद' अमलात आली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेवर ती बेतलेली आहे. व्हेनिसची सनद सांगते की जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. ट्यूरिनची सनद आणखी एक व्यावहारिक अपेक्षा करते : बदललेल्या भागांवर साधी, टिकाऊ खूण असावी, म्हणजे जुने कोणते आणि नवे कोणते हे पुढच्याला कळेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. मोटार ही पोथी नव्हे. ती चालण्यासाठी आहे. चालवायची तर बदल अटळ आहेत. त्या काळच्या कित्येक अमेरिकन गाड्यांच्या ब्रेकला तेलाचा एकच मार्ग असे. कोठेही गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक जात. ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हना पेट्रोलमधील शिशाचे संरक्षण मिळे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद झाले, तेव्हा कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाऊन टाकते. 'हात लावू नका' म्हणणाऱ्याने गाडी नुसती उभी ठेवली तरी टाकी आतून गंजते, गॅस्केट सुकतात, उंदीर वायरी कुरतडतात. नुसते ठेवून देणे म्हणजे जतन नव्हे. ताडपत्रही वाचले नाही, उन्हे दाखवली नाहीत, तर किडीच्या तोंडी जाते.

आम्हांला हे सारे मान्य आहे. म्हणूनच आम्ही जीर्णोद्धारापेक्षा देखभालीला अधिक मान देतो. देखभाल करणारा तेल बदलतो, ग्रीस भरतो, नळी पाहतो, आणि जे बदलले ते वहीत लिहून ठेवतो. सुरक्षिततेसाठी नवे ब्रेक बसवले तर जुने खोक्यात जपून ठेवतो, म्हणजे पुढचा मालक ते परत लावू शकेल. त्याच्या कामाचे छायाचित्र कोणी काढत नाही. पण गाडी टिकते ती त्याच्यामुळे. जीर्णोद्धाराची वेळ येते ती बहुधा देखभाल चुकली म्हणून.

गरजेपोटी होणारी दुरुस्ती याहून वेगळी. हवाना शहरातील १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या आता पर्यटकांच्या छायाचित्रांतून सर्वपरिचित झाल्या आहेत. क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापारबंदी लादली, सुटे भाग येईनासे झाले, आणि तेथील मेकॅनिकांनी त्या गाड्यांत सोव्हिएत बनावटीचे भाग, डिझेल इंजिने, हाताने घडवलेले तुकडे बसवून त्या रस्त्यावर ठेवल्या. मुंबईकरांनाही हे अगदी परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांच्या जोडणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला; कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडत. आयातीवर निर्बंध आल्यावर त्यांतील कित्येक गाड्या जुळवाजुळव करूनच चालल्या, पेट्रोलचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. अशा गाडीला कोणी भ्रष्ट प्रत म्हणू नये. गाथेच्या निरनिराळ्या परंपरांत अभंगाचे पाठ निरनिराळे होतात, तसा तो एक पाठभेद आहे. तो काहीही लपवत नाही; नळी दुसऱ्याच गाडीची आहे हे बॉनेट उघडताच दिसते.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द पुण्यकर्माचा आहे. काळ्या पाषाणाच्या प्राचीन देवळाला भडक ऑइलपेंट देणाऱ्या गावकऱ्यांनाही आपण पुण्यच करतो आहोत असे वाटते, आणि त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ग्रंथांच्या बाबतीतही आपली परंपरा जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकूंच्या हातून बिघडलेला ग्रंथ त्यांनी पुन्हा पारायणास योग्य केला. ते उपकार थोरच. पण कोठे कोणता पाठ होता आणि तो का बदलला याची नोंद आपल्याला मिळालेली नाही, आणि त्यापूर्वीची ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न अभ्यासकांना आजवर छळतो आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्या शिस्तीने उभे केले आणि त्यांच्या पश्चात १९६६ मध्ये जे पूर्ण झाले, त्यात ही उणीव भरून काढलेली दिसते. ज्या शब्दांविषयी संपादकाची खात्री नव्हती, त्यांखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. नाकारलेले पाठ तळाशी दिले आहेत. ट्यूरिनच्या सनदेतील खूण आणि ही नागमोडी रेघ एकाच वृत्तीतून येतात.

ही वृत्ती आपल्या नेहमीच्या पुनर्मुद्रणांत कितपत उतरली आहे? १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. ते जाणे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण त्याआधीचे पुस्तक नव्या आवृत्तीत छापताना अनुस्वार गाळले जातात, आणि गाळल्याचे कित्येकदा कोठेही सांगितलेले नसते. 'ते' आणि 'तें' यांत अनेकवचनी पुल्लिंग आणि एकवचनी नपुंसकलिंग असा भेद होता. तो मुकाट्याने पुसला जातो. मूळ प्रस्तावना, अर्पणपत्रिका, लेखकाने केलेले आवृत्तीगणिक फेरफार हेही कधी कधी वाटेत गळतात. पुस्तक नव्या रंगात, गुळगुळीत कागदावर, सुबक उभे राहते. आमचे विद्यार्थी ते हाती घेऊन १९२० च्या किंवा १९३० च्या गद्यशैलीवर प्रबंध लिहितात, आणि आम्ही शिक्षक ते तपासतो. बेल एअरच्या दारांच्या सारख्या फटी पाहून १९५७ च्या कारागिरीविषयी निष्कर्ष काढणाऱ्याला आपण हसू. येथे हसण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक जुन्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती निघणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. नव्या लेखनपद्धतीत पुस्तक छापू नये, असेही आम्ही म्हणत नाही. वाचकाने ते वाचले पाहिजे, जसे गाडीने चालले पाहिजे. परंतु प्रत्येक पुनर्मुद्रणात एक पान असे असावे, ज्यावर कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला, काय बदलले, काय गाळले, हे लिहिलेले असेल. आणि मूळ आवृत्तीची निदान एक प्रत त्याच अवस्थेत कोठे पाहायला मिळेल, हेही तेथे सांगितलेले असावे. जुना ब्रेक खोक्यात जपून ठेवणाऱ्या त्या अनाम मेकॅनिकाइतकी दक्षता ग्रंथांच्या रखवालदारांकडून अपेक्षिणे गैर होणार नाही.